पोटरी का भरत नाही

जिममध्ये दोन-चार वर्षं नेमाने घाम गाळलेल्या माणसाला विचारलं, तर एक तक्रार हमखास ऐकू येते: बाकी सगळं आलं, पण अमुक एक काही येत नाही. कुणाची पोटरी भरत नाही, कुणाच्या खांद्याची मागची बाजू सपाटच राहते, कुणाचा डावा दंड उजव्यापेक्षा बारीक दिसतो. त्यावर मिळणारे सल्लेही ठरलेले असतात. रोज मार, वजन बदलून शॉक दे, नाहीतर घराण्यातच नाही म्हणून सोडून दे. हे सल्ले एकमेकांविरुद्ध दिसत असले तरी तिन्हींच्या मुळाशी एकच गृहीत आहे: त्या स्नायूला काम पुरेसं मिळतंय आणि तरीही तो वाढत नाही. गेल्या वीसेक वर्षांत स्नायूंची वाढ प्रत्यक्ष मोजणारे जे प्रयोग झाले, ते शेजारी शेजारी ठेवून वाचले की हे गृहीत टिकत नाही. मागे राहिलेल्या स्नायूची गत बहुधा कालव्याच्या टोकाच्या शेतासारखी असते. पाळी वेळेवर सुटते, पाणी दिल्याची नोंदही होते, पण वरच्या शेतांनी ओढून घेतल्यावर टोकाला ओलही पोचत नाही आणि दोष मात्र जमिनीला लागतो. सेट किती वाढवायचे हे विचारण्याआधी, आजवर केलेल्या सेटमधलं किती काम त्या स्नायूपर्यंत पोचलं हे तपासावं, असं मला या सगळ्या पुराव्यावरून वाटतं.

हा प्रश्न पहिल्यांदा नीट हाताळला गेला तो शरीरसौष्ठवाच्या रंगमंचावर नव्हे, इस्पितळात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलमध्ये गुडघे जायबंदी झालेले अमेरिकन सैनिक मोठ्या संख्येने येत होते. ऑपरेशन आणि प्लास्टरनंतर त्यांच्या मांडीचा पुढचा स्नायू वाळून जाई आणि हलक्या वजनाची पुष्कळ आवर्तनं करूनही लवकर परत येत नसे. थॉमस डीलॉर्म या तरुण लष्करी डॉक्टरांनी पायाला लोखंडी बूट बांधून जड वजन उचलायला लावलं आणि ताकद वाढेल तसं ते वाढवत नेलं. 1945 मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि क्रमाक्रमाने वजन वाढवण्याच्या पद्धतीला वैद्यकात जागा मिळाली. सुरुवातीला ते एका बैठकीत सत्तर ते शंभर आवर्तनं करून घेत. पुढे 1948 मध्ये वॉटकिन्स यांच्यासोबत त्यांनी ती दहा-दहाच्या तीन सेटवर आणली: दहा वेळा जेमतेम उचलता येईल अशा वजनाच्या निम्म्याने पहिला सेट, पाऊण वजनाने दुसरा आणि पूर्ण वजनाने तिसरा. खुर्चीत बसून गुडघा सरळ करण्याच्या त्या हालचालीत मांडीच्या स्नायूचं काम दुसरा कुणी वाटून घेऊ शकत नव्हता, ही यातली महत्त्वाची गोष्ट. काम योग्य ठिकाणी पोचत असल्यामुळे पुढे त्याचं प्रमाण कमी करता आलं.

आजच्या जिममधली मोठी अडचण नेमकी इथेच आहे. व्यायामाला ज्या अवयवाचं नाव पडतं, त्या अवयवातले सगळे स्नायू त्यातून वाढतात असं आपण धरून चालतो. स्क्वॉट म्हणजे पायांचा राजा व्यायाम, हे वाक्य तर प्रत्येक ट्रेनरच्या तोंडी असतं. जपानमध्ये कुबो आणि सहकाऱ्यांनी 17 पुरुषांकडून दहा आठवडे स्क्वॉट करवून घेतले, काहींकडून पूर्ण खाली बसून आणि काहींकडून अर्धे, आणि आधी व नंतर एमआरआयने स्नायूंचं आकारमान मोजलं. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांत पूर्ण बसणाऱ्यांचा नितंबाचा मोठा स्नायू 6.7 टक्के वाढला, अर्धं बसणाऱ्यांचा 2.2 टक्के. मांडीच्या मागचे हॅमस्ट्रिंग आणि पुढच्या चार स्नायूंपैकी रेक्टस फिमोरिस मात्र दोन्ही गटांत वाढलेच नाहीत. कारण रचनेत आहे. हे स्नायू कंबर आणि गुडघा असे दोन सांधे ओलांडतात. स्क्वॉटमध्ये एका सांध्यापाशी ते ताणले जात असताना दुसऱ्यापाशी सैल पडतात, त्यामुळे त्यांच्या लांबीत फारसा फरक पडत नाही आणि भार दुसरे स्नायू उचलतात. बेंच प्रेस आणि ट्रायसेप्सचं नातंही असंच आहे. ट्रायसेप्सचं लाँग हेड खांदा ओलांडून जातं, आणि नुसत्या बेंच प्रेसने ते बाकीच्या भागाइतकं वाढत नाही, असं ब्राझीलमधल्या ब्रांदाओ आणि सहकाऱ्यांच्या 2020 च्या प्रयोगात दिसलं. कोपर सरळ करण्याचा स्वतंत्र व्यायाम करणाऱ्यांत ते वाढलं. जिममध्ये ज्यांच्याबद्दल सर्वाधिक कुरकुर ऐकू येते त्या स्नायूंची यादी केली, तर त्यात दोन सांधे ओलांडणारे स्नायू किती भरतात ते पाहण्यासारखं आहे: पोटरीचा वरचा स्नायू, हॅमस्ट्रिंग, ट्रायसेप्सचं लाँग हेड. हा मला योगायोग वाटत नाही. खांद्याच्या मागच्या बाजूची कथा थोडी वेगळी आहे. तिथला स्नायू एकच सांधा ओलांडतो, पण ओढण्याच्या प्रत्येक व्यायामात पाठीचे मोठे स्नायू पुढाकार घेतात आणि त्याच्या वाट्याला थोडंच उरतं.

पोटरीचं उदाहरण जवळून पाहू, कारण हताश होऊन सोडून दिल्या जाणाऱ्या स्नायूंत तिचा पहिला नंबर लागेल. पोटरीत दोन मुख्य स्नायू आहेत. वरून दिसणारा, दोन फुगीर भागांचा गॅस्ट्रोक्नेमियस गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडापासून निघतो. त्याच्याखाली दडलेला सोलियस गुडघ्याच्या खाली सुरू होतो. दोघे मिळून टाचेमागच्या अकिलिस कंडरेत उतरतात. गुडघा वाकवून बसलं की गॅस्ट्रोक्नेमियस वरच्या टोकाने सैल पडतो आणि टाच उचलण्याचं काम मुख्यतः सोलियसवर येतं. जिममध्ये मांडीवर वजन ठेवून बसल्या बसल्या टाचा उचलायचं मशीन असतं, ते हेच करतं. 2023 मध्ये जपानी संशोधकांनी 14 नवशिक्या प्रौढांचा एक पाय उभ्याने आणि दुसरा पाय बसून असा 12 आठवडे कसला. एकाच माणसाचे दोन पाय असल्यामुळे आहार, झोप, अनुवंश या सगळ्यांचा फरक आपोआप बाद झाला. उभ्याने केलेल्या पायात गॅस्ट्रोक्नेमियसचा बाहेरचा भाग 12.4 टक्के आणि आतला 9.2 टक्के वाढला. बसून केलेल्या पायात हेच आकडे 1.7 आणि 0.6 होते. सोलियस दोन्ही पायांत थोडासाच आणि जवळपास सारखाच वाढला. म्हणजे एखाद्याने वर्षानुवर्षं पोटरीचा सगळा व्यायाम बसूनच केला असेल, तर त्याच्या वहीत पोटरीचे सेट भरपूर असतील आणि पोटरीचा दिसणारा भाग मात्र जवळपास बिनकामाचा राहिला असेल.

उभ्याने करणाऱ्यांचंही सगळं सुरळीत असतं असं नाही. मशीनवर पिन खालपर्यंत लावलेली असते, टाच जेमतेम दोन इंच खाली येते, गुडघे किंचित वाकतात आणि उसळी घेत घेत सेट पुरा होतो. अकिलिस कंडरा ताणली गेली की ऊर्जा साठवते आणि लगेच परत देते; चालताना-धावताना हा गुण मोलाचा, पण स्नायू वाढवायचा असतो तेव्हा तोच आड येतो, कारण वजन उचलण्याचं काम स्नायूऐवजी कंडरेची उसळी करते. शिवाय वरच्या टोकाची ती छोटी हालचाल म्हणजे कामाचा सगळ्यात कमी फलदायी भाग. ब्राझीलमध्ये कासियानो आणि सहकाऱ्यांनी तरुण स्त्रियांवर आठ आठवडे केलेल्या प्रयोगात पोटरीच्या व्यायामाचा फक्त खालचा, ताणलेला अर्धा टप्पा करणाऱ्यांत गॅस्ट्रोक्नेमियसचा आतला भाग 15.2 टक्के वाढला, पूर्ण टप्पा करणाऱ्यांत 6.7 टक्के आणि फक्त वरचा अर्धा टप्पा करणाऱ्यांत 3.4 टक्के. तेव्हा चवडा पायरीच्या कडेवर, गुडघा सरळ, टाच पूर्ण खाली, तिथे दोनेक सेकंद थांबून उसळी जिरवायची आणि मग वर यायचं. असं केलं की नेहमीचं वजन बरंच कमी करावं लागतं. ते कमी करायला मन धजत नाही, हे पोटरी मागे राहण्याचं एक खरंखुरं कारण आहे.

ताणलेल्या अवस्थेतल्या कामाचा हा फायदा इतरत्रही दिसतो. माएओ आणि सहकाऱ्यांच्या 2021 च्या प्रयोगात बसून केलेल्या लेग कर्लने हॅमस्ट्रिंग 14 टक्के वाढले, पालथं झोपून केलेल्या लेग कर्लने 9 टक्के; बसल्यावर कंबर वाकलेली असल्याने स्नायू अधिक ताणलेला राहतो, इतकाच फरक. याच गटाने पुढे ट्रायसेप्सचा व्यायाम हात डोक्यावर नेऊन आणि हात शरीराजवळ ठेवून असा तपासला, तेव्हाही हात वर असतानाच वाढ अधिक झाली, आणि तीही डोक्यावरच्या स्थितीत कमी वजन उचललेलं असताना. यावरून प्रत्येक व्यायाम ताणातच करावा असा सरसकट नियम काढण्याची घाई नको. सगळ्या स्नायूंवर हा फरक सारखा तपासलेला नाही. मात्र रखडलेल्या स्नायूसाठी व्यायाम निवडताना त्याला लांब अवस्थेत भार देणारा प्रकार आधी वापरून पाहावा, एवढं म्हणायला पुरावा पुरेसा आहे.

व्यायाम बरोबर निवडला तरी काम पोचेलच असं नाही, कारण जोर कमी पडतो. ब्राझीलमधल्याच एका अभ्यासात व्यायामाची सवय असलेल्या 160 पुरुषांना विचारलं गेलं की बेंच प्रेसच्या दहा रेप्ससाठी तुम्ही एरवी किती वजन घेता. मग तेच वजन देऊन, जमतील तितक्या रेप्स करा असं सांगितलं. सरासरी 16 निघाल्या. म्हणजे जो सेट त्यांना पुरा वाटत होता, त्यात आणखी सहा रेप्स शिल्लक होत्या. हे छातीचं, सगळ्यांच्या लाडक्या व्यायामाचं. सत्राच्या शेवटी, घरी जायच्या घाईत उरकल्या जाणाऱ्या पोटरीच्या किंवा मागच्या खांद्याच्या सेटमध्ये किती शिल्लक राहत असेल याचा अंदाज बांधता येतो. प्रत्येक सेट पार थकून थांबेपर्यंत न्यायलाच हवा असं नाही. दोन-तीन रेप्स राखून थांबलं तरी वाढ जवळपास तितकीच होते. पण ‘दोन-तीन’ म्हणजे खरंच दोन-तीन, हे अधूनमधून शेवटपर्यंत जाऊन तपासावं लागतं. लक्ष कुठे आहे यानेही थोडा फरक पडतो. शोएनफेल्ड यांच्या 2018 च्या प्रयोगात दंड आवळण्यावर मन एकाग्र करणाऱ्या नवशिक्यांचा दंडाचा पुढचा भाग 12.4 टक्के वाढला, नुसतं वजन वर नेण्याकडे लक्ष देणाऱ्यांचा 6.9 टक्के. मांडीच्या स्नायूंत असा फरक मिळाला नाही.

एवढं सगळं ताळ्यावर असेल तर मग सेटच्या संख्येकडे वळावं. शोएनफेल्ड, ऑगबॉर्न आणि क्रीगर यांनी 2017 मध्ये पंधरा अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. आठवड्याला पाचपेक्षा कमी सेट करणाऱ्यांत सरासरी 5.4 टक्के वाढ, पाच ते नऊ सेटला 6.6 टक्के आणि दहा किंवा अधिक सेटला 9.8 टक्के असा चढता क्रम त्यांना दिसला. अधिक काम म्हणजे अधिक वाढ, इथवर ‘रोज मार’वाल्यांचं बरोबर आहे. पण हा चढ कायम राहत नाही. एकाच व्यायामाचे दहा-दहा सेट मारायची जी ‘जर्मन’ पद्धत प्रसिद्ध आहे, तिची 2017 मध्ये पाच सेटशी तुलना झाली तेव्हा दहा सेटनी काहीही जास्त दिलं नाही. स्कार्पेली आणि सहकाऱ्यांचा प्रयोग मला सगळ्यात उपयोगी वाटतो. त्यांनी कसलेल्या व्यायामपटूंच्या एका पायाला सर्वांना सारखे असे आठवड्याचे 22 सेट दिले, आणि दुसऱ्या पायाला तो माणूस आधी जेवढे करत होता त्यापेक्षा 20 टक्के अधिक. आपापल्या हिशेबाने वाढवलेला पाय सरासरीने अधिक वाढला. आठ सेट करत असाल तर दहा करा. कुणा विजेत्याचे तीस सेट उचलून आणू नका.

हे वाढीव काम येणार कुठून? थकवा भरून काढायची शरीराची ताकद मर्यादित असते, आणि इथे 2011 चा बिकल आणि सहकाऱ्यांचा प्रयोग कामाला येतो. 16 आठवडे व्यायाम करून घेतल्यावर त्यांनी पुढचे 32 आठवडे काहींचं काम एक तृतीयांशावर, काहींचं एक नवमांशावर आणलं. 20 ते 35 वयाच्या गटात एक नवमांश कामावरही कमावलेला आकार टिकून राहिला. साठीच्या पुढच्या गटात मात्र टिकला नाही. याचा अर्थ तरुण माणसाला छाती-दंडाचे सेट दोन-तीन महिन्यांसाठी निम्म्याहून कमी करून ती ताकद पोटरीकडे वळवता येते, आणि छाती जाईल ही भीती अनाठायी आहे. वयस्कांनी ही कपात बेताने करावी. वाढवलेले सेट एकाच दिवशी कोंबण्यापेक्षा दोन-तीन दिवसांत वाटलेले बरे, कारण दहाव्या सेटला पहिल्या सेटची धार नसते. मात्र एकूण काम सारखं राहत असेल तर दिवस किती यावर फारसं काही अवलंबून नाही.

‘मागे राहिलेला स्नायू सत्राच्या सुरुवातीला घ्या’ हा तर व्यायामशाळांतला वेदवाक्यासारखा नियम. जो वीडर यांनी मासिकांतून तो प्राधान्याचं तत्त्व म्हणून घरोघर पोचवला. क्रमाविषयीचे प्रयोग एकत्र केले तर असं दिसतं की जो व्यायाम आधी केला त्यातली ताकद अधिक वाढते, पण स्नायूचा आकार दोन्ही क्रमांत जवळपास सारखाच वाढतो. मग हा नियम टाकून द्यावा का? मला तसं वाटत नाही. प्रयोगशाळेत शेवटचा सेटही कुणीतरी उभं राहून नीट करून घेतं. जिममध्ये शेवटचा व्यायामच सगळ्यात आधी गळतो. या नियमाचा फायदा शिस्तीचा आहे, आणि तो खरा आहे. अरनॉल्ड श्वार्झनेगर यांच्या पोटऱ्यांची गोष्ट या संदर्भात नेहमी सांगितली जाते: दक्षिण आफ्रिकेत शरीरसौष्ठवपटू रेग पार्क यांना हजारेक पौंड वजनावर टाचा उचलताना पाहून ते चकित झाले, आपणही त्या वजनाकडे वळले, आणि पोटऱ्या लपू नयेत म्हणून व्यायामाच्या पँटचे पाय कापून टाकले. पण तिथे वजन, सेट, वारंवारता आणि जिद्द सगळंच एकदम बदललं, शिवाय त्या काळात स्टेरॉइड घेतल्याचं त्यांनी स्वतः मान्य केलेलं आहे. विजेत्यांच्या गोष्टींतून उमेद घ्यावी, वेळापत्रक घेऊ नये.

सगळ्यात वजनदार आक्षेप अनुवंशाचा, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. हुबाल आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये 585 स्त्री-पुरुषांना एका हाताच्या दंडाचा अगदी सारखा व्यायाम 12 आठवडे दिला. कुणाचा दंड 59 टक्के वाढला, कुणाचा उलट 2 टक्के कमी झाला. हा पल्ला प्रचंड आहे. पोटरीचा स्नायू कुठे संपतो आणि कंडरा कुठे सुरू होते हे तर जन्मतःच ठरतं. ज्याचा स्नायू उंचावरच संपतो, त्याची पोटरी खालपर्यंत भरलेली कधीच दिसणार नाही. सोलियसमध्ये संथ गतीचे तंतू फार मोठ्या प्रमाणात असतात, आणि व्यायामानंतर त्यातली प्रथिनांची जडणघडण मांडीच्या स्नायूइतकी वाढत नाही, असंही आढळलेलं आहे. हे सगळं मान्य करूनही अनुवंश हे शेवटी उरणारं उत्तर आहे, पहिलं नव्हे. हुबाल यांच्या प्रयोगात प्रत्येकाला काम मोजून मिळालं होतं, म्हणूनच उरलेला फरक माणसामाणसातला म्हणता येतो. ज्याने टाच कधी पूर्ण खाली नेली नाही, त्याला हे म्हणण्याचा आधार नाही. आणि संथ तंतू म्हणजे तीस-तीस रेप्स, हा पुढचा तर्कही तपासून झाला आहे: 2020 च्या प्रयोगात पोटरीला जड वजनाच्या सहा ते दहा रेप्स आणि हलक्या वजनाच्या वीस ते तीस रेप्स यांनी सारखीच वाढ दिली. जे झेपतं आणि मनापासून होतं ते घ्यावं.

दुसरा आक्षेप पुराव्याच्याच दर्जावर आहे. यातले बहुतेक प्रयोग नवशिक्यांवरचे, आठ ते बारा आठवड्यांचे, मोजक्या माणसांवरचे. नवशिक्याचं सगळंच वाढतं. दहा वर्षं घासलेल्याला ते टक्के मिळणार नाहीत. हे खरं आहे, आणि आकडे जसेच्या तसे कुणी आपल्याला लावू नयेत. पण स्नायू किती सांधे ओलांडतो, कोणत्या स्थितीत सैल पडतो, हे अनुभवाने बदलत नाही. आकडा आटेल, दिशा तीच राहील.

व्यायामाची जुनी घडी पाहिली तरी हेच ध्यानात येतं. आपल्या तालमीतले जोर छाती, खांदे आणि दंडाची मागची बाजू कसतात. बैठका मांड्यांना वठणीवर आणतात, पण टाच उचललेली आणि गुडघा वाकलेला असल्याने पोटरीचा वरचा स्नायू त्यातही सैलच राहतो. जोर-बैठकांत ओढण्याचं काम नाही, ते मल्लखांब आणि दोरावर चढण्यात आहे. ज्यांनी घरच्या घरी जोर-बैठकाच धरून ठेवल्या, त्यांची पाठ छातीच्या मागे पडली तर नवल नाही. स्पर्धेच्या वेटलिफ्टिंगमध्ये हा प्रश्न दिसण्याचा न राहता किलोंचा होतो. मीराबाई चानू यांचं क्लीन अँड जर्क जगात अव्वल होतं, एप्रिल 2021 मध्ये ताश्कंदला त्यांनी 119 किलोंचा जागतिक विक्रम केला; स्नॅच मात्र त्या मानाने मागे. 2020 च्या अखेरीस त्या अमेरिकेत फिजिओथेरपिस्ट आरोन हॉर्शिग यांच्याकडे गेल्या ते खांदा आणि पाठीतल्या असमतोलावर काम करायला. टोकियो ऑलिंपिकमध्ये 87 आणि 115, एकूण 202 किलोंसह रौप्य मिळालं. त्यात त्या उपचाराचा वाटा किती हे वेगळं काढता येणार नाही, पण उपाय शोधण्याची रीत बरोबर होती: स्नॅचचे सेट वाढवण्याआधी हालचाल कुठे अडते ते पाहिलं गेलं.

डाव्या-उजव्यातल्या फरकाला फार औषध लागत नाही. बारबेलऐवजी डंबेल, दुबळ्या बाजूने सुरुवात, आणि ती थांबेल तिथे दुसरीनेही थांबायचं. थोडा फरक सगळ्यांतच असतो. मोजायचं तर आरशात नको. महिन्यातून एकदा, सकाळी, व्यायामाआधी, टेपने ठरलेल्या जागी मोजावं आणि निर्णय किमान तीन महिन्यांनी घ्यावा. मात्र एकच पोटरी काही आठवड्यांत बारीक झाली असेल, त्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नसेल, पाऊल बधिर होत असेल किंवा कमरेतून कळ उतरत असेल, तर तो मागे राहिलेला स्नायू नव्हे. मणक्याजवळ शीर दबल्याची ही लक्षणं असू शकतात. तिथे जिम थांबवून आधी डॉक्टरांकडे जावं.